लतीफभाईंचे दोन रातकिडे

"अब्बा गेले, सर. तुमचा रेकॉर्डर अन् वही घेऊन जा." लतीफभाईंची मुलगी शबाना फोनवर एवढंच बोलली. यवतमाळहून आर्णी तासाभराची वाट, पण मला तिथं जायला तीन आठवडे लागले... तोंड कोणतं दाखवणार होतो!

लतीफभाई रेडिओ-टेपचे मेकॅनिक. बिघाड कुठं आहे ते नुसत्या खरखरीवरून ओळखायचे. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा, अंगात शहाणपण मावत नसलेला. बोंडअळीच्या त्या वर्षांत शेतोशेती फवारे चालू होते. लतीफभाई दिवेलागणीला माझा रेकॉर्डर घेऊन धुऱ्यांवरून, बांधाबांधानं फिरत, रातकिड्यांचे आवाज टिपत आणि वहीत प्रत्येकापुढे १ किंवा २ लिहीत. असे चार हंगाम. "हे दोन येगळे हायेत, सर. फवारा मारला का दुसरा गप होते, पयला वरडतच राह्यते. तुमच्या मशीनले विचारा ना एकडाव."

विचारलं. कॉम्प्युटरला हजारो आवाज दिले, नाव एकाचंही सांगितलं नाही. सारखे आवाज एकत्र करून तूच ढीग लाव, म्हटलं. ढीग किती, ते तेवढं मी सांगायचं होतं. मी बारा सांगितले. तक्ता एका पानावर मावत होता म्हणून! दोन्ही रातकिडे एकाच ढिगात गेले. कॉलेजच्या कार्यक्रमात लतीफभाई इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलेले, आणि मी माईकवरून म्हणालो, "भाई, एकाच किड्याला चार वर्षं दोनदा सलाम ठोकलात की!" सगळे खदखदून हसले. तेही हसले. जाताना हळूच म्हणाले, "मशीन चुकत नसन ना, सर?"

"कान चुकतो," मी म्हणालो. काय माज होता मला!

आर्णीला गेलो तेव्हा शबानानं सांगितलं, त्या कार्यक्रमानंतर ते गिऱ्हाइकाला परत पाठवायचे. "दुसरीकडं दाखवा, माह्या कानाचा भरोसा नाही राह्यला." वर्षाच्या आत दुकान बंद.

परवा तेच आवाज पुन्हा दिले आणि तीस ढीग मागितले. ते रातकिडे दोन वेगळ्या ढिगांत पडले. दुसरा फवारलेल्या शेतांत नव्हताच. ताडून पाहायला वही उघडली, तर प्रत्येक २ लाल पेनानं, फूटपट्टी लावून खोडलेला, शेजारी १ लिहिलेला. "सरले चुकीची वही कशी वापस देऊ, म्हणत होते," शबाना म्हणाली होती, ते आत्ता कळलं.

लाल रेघेखालचा २ अजून वाचता येतो. मी पान न पान ताडून पाहिलं. लतीफभाईंचा कान एकदाही चुकला नव्हता. आणि खोडायचा एकही २ त्यांच्या हातून सुटला नव्हता.