हातात दिलेली हलगी

"थांबा रे सगळे. जरा काकांचा एफ ऐकू या."

सर असं म्हणाले आणि वर्गातल्या सगळ्या गिटारी गप्प झाल्या. नारायण पेठेतला पहिला मजला. खाली झेरॉक्सचं दुकान. वर्गात सगळी कॉलेजातली पोरंपोरी, आणि म्हातारा मी एकटा.

एफ हा असा कॉर्ड, की पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं आणि बाकीची बोटं पुढं वेगवेगळ्या तारांवर रोवायची. मी जीव खाऊन दाबलं. उजव्या हातानं तारा छेडल्या.

ठप्.

सूर नाही. नुसता ठप्.

सर हसले नाहीत. स्वतः हसायचं नाही, दुसऱ्याला हसवायचं, ही त्यांची रीत. म्हणाले, "वा. काका, गिटारची पार हलगी केलीत तुम्ही."

पोरं हसली. माझंही तोंड हसल्यासारखं झालं. वरचा बोलला की खालच्यानं हसायचं, हे तोंडाला आपोआप येतं. त्याला शिकवणी लागत नाही.

मग सगळ्यांसमोर विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. "गाव कुठलं?" तेही सांगितलं.

"हां, मग बरोबर आहे. तुमच्याकडे घरातच असेल की हो हलगी. रक्तातच असते ती."

त्यांना वाटलं, कौतुक केलं.

रक्तात काय होतं ते मी सांगतो. माझा बाप गावात हलगी वाजवायचा. पाटलाचं लगीन असो, जत्रा असो, कुणाचं मढं असो, बोलावणं आलं की जायचं. अंगात ताप असला तरी जायचं. वरातीत सगळ्यांच्या पुढं, पंगतीला सगळ्यांच्या मागं. लोक जेवून उठले की उकिरड्याच्या कडेला बसून उरलेलं घ्यायचं, वाढणाऱ्यानं वरून टाकलेलं. आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला त्या वर्षी बापानं विळ्यानं हलगीचं कातडं फाडलं आणि लाकडाचं कडं चुलीत घातलं. मी पाळण्यात होतो. पुढच्या लग्नाला बोलावणं आलं. बाप गेला नाही. माणसं आली, त्याला दारातनं ओढून मारलं. वाजव म्हणाले. बाप म्हणाला, "वाजवणारा मेला."

मग गावात कुणी काम देईना. आम्ही पुण्याला आलो.

घरात त्यानं डब्यावरसुद्धा ठेका धरू दिला नाही. एकदा मी परात बडवली, तर कानाखाली जाळ काढला. मी चौथीपर्यंत शिकलो, मग रस्त्याच्या डांबराच्या कामावर गेलो. जन्मभर फावडं. बोटं अशी झाली, की एक तार दाबायला गेलं तर शेजारची दबते.

आता विश्रांतवाडीत राहतो. बायको विहारात गाते. तिच्या मागं पेटी वाजवणारा होता, तो मुलाकडं राहायला गेला. तेव्हापासून ती कोरडी गाते. मला ते ऐकवेना. म्हणलं, मी शिकतो. पेटी शिकायला गेलो असतो तर आधी कुणाकडचे म्हणून विचारलं असतं. गिटार परदेशातनं आलेलं. म्हणलं, त्याला आपली वेस ठाऊक नसणार.

सुरुवातीला बरं चाललं. बोटांची सालं निघाली, घट्टे पडले, सूर यायला लागला. सी आला, जी आला. बायको धुणं घालता घालता गायची, मी मागं वाजवायचो. मग एफ आला आणि गाडी चिखलात रुतली. तिच्या प्रत्येक कडव्यात तो आहे. ती गात पुढं जाते, मी तिथंच. महिन्यांमागनं महिने गेले. माझ्यामागनं आलेली पोरं पुढं गेली. मी रोज पहाटे बसतो, काल होतो तिथंच बसतो. मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवून झाले. रागानं भिंतीवर हात आपटून झाला. न्हाणीत नळ सोडून रडूनही झालं.

बायको म्हणाली, "अहो, बोटानं दबत नाय तर लाटणं आणून देऊ का?"

"आण. आणि गाणंबी तूच म्हण, पोळ्याबी तूच लाट."

"मग मी आजवर काय करतीये?"

हसलो दोघं. पण मग तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळत बसली. तिलाही कळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "सांधे झिजलेत, आजोबा. जेवढं येतंय त्यात समाधान माना." म्हणजे दिवस माझ्या बाजूचे नाहीत. आत्ता आला नाही तर हा सूर मला या जन्मी यायचा नाही.

अशात सरांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं. "काका, परवाचं मनाला लावून घेऊ नका. वार्षिक कार्यक्रमात तुम्हाला घ्यायचं ठरवलंय. रविवारी तालमीला या."

मला काय वाटलं असेल? घरी येईपर्यंत बसमध्ये मी खिडकीतनं एकटाच हसत होतो. बायकोला सांगितलं. विहारात सांगितलं. शेजारच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, सदरा आणा, कडक करून देतो." त्यानं पैसे घेतले नाहीत.

रविवारी गेलो. कडक सदरा, पाठीवर गिटार. पोरं रांगेत बसलेली, प्रत्येकापुढं माईक. मी माझी जागा शोधत होतो.

सर आतनं आले. एका हातात फेटा, दुसऱ्या हातात कोरी हलगी.

"शेवटचं गाणं फ्युजन आहे. मागं गिटारी आणि पुढं तुम्ही. अस्सल. लोक वेडे होतील बघा."

मी म्हणलं, "सर, मी गिटार आणलीये."

"अहो, ती राहू दे हो बाजूला. त्यात तुमचं काही व्हायचं नाही, मी स्पष्ट बोलतो. हे घ्या. लाजू नका."

आणि त्यांनी हलगी माझ्या हातात दिली. हात पुढं केला नव्हता, तरी दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती वाईट पोरं नाहीत. त्यांना खरंच वाटलं, म्हाताऱ्याला त्याचं मिळालं.

कातड्याचा वास आला. इतका हलका जिन्नस, आणि मला पेलवेना.

"वाजवा ना, काका."

मी वाजवली नाही. मला वाजवताच येत नव्हती. माझ्या रक्तात काही नव्हतं. बापानं ते विळ्यानं कापून काढलं होतं, आणि त्यासाठी मार खाल्ला होता. आजपर्यंत मला वाटायचं, बापानं मला काही दिलं नाही. घर नाही, शेत नाही, शाळा नाही. तिथं उभ्या उभ्या कळलं, काय दिलं ते.

मी हलगी खुर्चीवर ठेवली. फेकली नाही. ती बिचारी काय करणार. आज आमचीच पोरं जयंतीला छाती काढून हलगी वाजवतात. वाजवू दे. ज्याला वाजवायची त्यानं ती स्वतः उचलावी. दुसऱ्यानं हातात द्यायची नाही.

म्हणलं, "सर, मला हलगी येत नाही."

"काय सांगता!"

"येत नाही. बापानं शिकवली नाही. शिकवायची नाही म्हणून त्यानं हाडं मोडून घेतली. मला एफसुद्धा येत नाही. पण एफ मला यायचाय."

सर म्हणाले, "मग कार्यक्रमात तुमची जागा नाही, काका." शांतपणे म्हणाले. मी गिटार पाठीवर टाकली आणि जिना उतरलो. इस्त्रीवाल्याला काय सांगायचं, हाच विचार स्वारगेटपर्यंत डोक्यात होता. घरी जायची बस सोडून उलट्या दिशेची पकडली, हे स्वारगेटला उतरल्यावर कळलं.

लोकांना वाटलं मी वर्ग सोडला. पुढच्या आठवड्यात मी गेलो. रोज मागच्या भिंतीला टेकून बसायचो ती जागा सोडली आणि पहिल्या रांगेत सरांच्या समोर बसलो.

"अजून येताय?"

"एफ आला नाही अजून."

बोटं लावली. ठप् झालं. या वेळी मी हसलो नाही, आणि पोरंही हसली नाहीत. परत लावली. परत ठप्. दुखणं खांद्यापर्यंत चढतं. सांधे झिजताहेत, ते झिजू दे. हा सूर मला येईल किंवा ही बोटं मोडतील, दोन्हीतलं काहीही होईल. पण या हातात काय शोभतं, ते आता दुसरं कुणी ठरवणार नाही.