जावेची गुलाबी गोळी

डॉक्टरांनी दंडावरची पट्टी सोडली आणि म्हणाले, “काकू, ब्लडप्रेशर आहे. वरचं एकशे सत्तर.”

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी पंचेचाळीस वर्षांची होते. दुसरी बाई घाबरली असती. माझ्या मनात आलं, चला, शालननंतर आपलाही नंबर लागला एकदाचा.

शालन माझी धाकटी जाऊ. तिला हे हायपरटेन्शन, म्हणजे रक्तवाहिन्यांत रक्ताचा जोर जास्त असणं, वर्षभर आधीच झालं होतं. गोळी सुरू झाल्यावर तिचे पाय सुजले आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात ती महाराणी झाली. पाय उशीवर. सासूबाई मोसंबी सोलून देणार. वर मला म्हणणार, “तिला उठवू नगंस, पाय सुजल्यात तिचं. तू टाक की चार भाकरी जास्त.”

तवा तापायच्या आधी मीच तापलेली असायचे.

मला डॉक्टरांनी दिली बारकी पांढरी गोळी, खडूच्या तुकड्यासारखी. शालनच्या डब्यात मात्र चकचकीत पाकिटातली मोठी गुलाबी गोळी! आता बघा माझी अक्कल. धाकटीला भारीतलं औषध आणि थोरलीला खडू, असा मी हिशेब केला. पांढरी गोळी परसातल्या अळूत टाकायची आणि तिच्या डब्यातली गुलाबी गिळायची.

तिसऱ्या दिवशी पाय जड झाले. पाचव्या दिवशी गरगरायला लागलं. जोडवी रुतल्यासारखी वाटायला लागली. मी नाटक करत नव्हते, खरंच चालवत नव्हतं. सासूबाईंनी मलाही उशी दिली. शालनची उशी जास्त जाड आहे का, तेही मी चाचपून घेतलं.

पंधरा दिवसांनी तपासायला गेले. शालनही सोबत होती. या वेळी एकशे नव्वद!

“गोळी घेताय ना?”

“घेते की. त्या गोळीनंच पाय सुजल्यात.”

डॉक्टरांनी घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही, म्हणजे सूज नव्हतीच. तेवढ्यात शालन म्हणाली, “डॉक्टर, माझ्या त्या गुलाबी गोळ्या लई लवकर संपाय लागल्यात बघा.”

मी छताकडे बघितलं. मग कबूल केलं.

“काकू, ती कॅल्शियमची गोळी. हाडांसाठी. बीपीची गोळी दोघींची एकच आहे, पांढरी.”

मला दोन दिवस भरती केलं. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, झाला. रक्त तपासलं, डोळ्याचा पडदाही तपासला. हे असंच चाललं असतं तर अर्धांगवायू होऊ शकला असता, असं डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं. तेव्हा मात्र मी घाबरले.

“त्रास होईल असं वाटत होतं का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

वाटत होतं कसलं, मी वाट बघत होते!

“याला नोसिबो म्हणतात. औषधानं त्रास होणार असं मनानं धरलं, की साध्या गोळीनंही होतो. त्रास खोटा नसतो. फक्त तो गोळीतून आलेला नसतो.”

भेटायला आलेल्या सासूबाईंनी तेच कमी शब्दांत सांगितलं. “गोळी न्हाय, हिला जाऊ बाधली.”

आता खरी पांढरी गोळी घ्यायची होती आणि माझा हात तोंडाकडे जाईना. पाय आत्ताच ठणकतायत असं वाटायला लागलं. शालन खाटेजवळ बसली होती. हळूच म्हणाली, “अक्का, रागावणार न्हाय न्हवं? माझं पाय पैल्या आठवड्यातच उतरलं हुतं. भाकरी थापायचा कंटाळा यायचा मला.”

वर्षभर! जिच्या सुजेवर जळून मी खरीखुरी आजारी पडले, ती सूज आठवड्याभराची होती. आणि ही युक्ती मला का सुचली नाही, म्हणून मी पुन्हा जळले. त्या रागात गोळी कधी गिळली कळलंच नाही, आणि पायांकडे बघायचं राहूनच गेलं. ते सुजले नाहीत. आजपर्यंत नाहीत.

तुम्हाला नवी गोळी सुरू झाली, तर तिच्याबद्दल मनात काय धरलंय तेही डॉक्टरांना सांगा. त्रास झाला तरी सांगा. आपल्या मनानं गोळी बंद करू नका, आणि दुसऱ्याच्या डब्यात हात तर मुळीच घालू नका.

शालननं त्या दिवशी खरं सांगितलं, म्हणून मी आज धड आहे. तिला हे मी कधी बोलून दाखवलेलं नाही. आधीच फार लाडावलेली आहे ती.