बाईंचा नवा पट्टा

बाईंची गिटार स्टेजवर निसटली त्या संध्याकाळी त्यांच्या मागे ड्रमवर मी होतो, आणि नंतर घरी जाताना गाडीही मीच चालवत होतो. त्यामुळे ही हकीकत मी सांगितलेलीच बरी. दुसऱ्यांकडून ऐकलीत तर गिटारचे दोन तुकडे झाले इथपासून बाईंनी वाजवणं सोडलं इथपर्यंत काहीही ऐकायला मिळेल.

मी अग्निशमन दलात नोकरीला आहे. म्हणून बाई मला बंबवाला म्हणतात. आमचा चौघांचा बँड आहे, त्यात बाई गिटार वाजवतात आणि गातात. बाकी दिवसभर त्या घरीच गिटार शिकवतात. पन्नाशीच्या बाई, आवाज खणखणीत, आणि चुकलेला ताल त्यांना भिंतीपलीकडूनही कळतो. शिकवणीच्या खोलीत सहा खुर्च्या आहेत, एकीची दुसरीशी सोयरीक नाही. मागच्या खोलीत त्यांचे वडील काम करतात. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो.

आप्पा चामड्याचं काम करणारे. पंचेचाळीस वर्षं पिशव्या, कमरेचे पट्टे, घोड्यांची खोगिरं. डोळे थोडे मंदावल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, पण भोकं पाडायची आरी आणि चामडं कापायची रापी काही हातातून सुटली नाही. बाईंनी एकोणिसाव्या वर्षी पहिली गिटार घेतली तेव्हा आप्पांनी तिच्यासाठी पट्टा करून दिला होता. दुहेरी चामड्याचा, तपकिरी, लेकीच्या खांद्याचं माप घेऊन आतून किंचित बाक दिलेला. तीस वर्षं बाई तोच वापरत होत्या. घामानं तो इतका मऊ झाला होता की गुंडाळून खिशात ठेवता आला असता.

गेल्या वर्षी मात्र एक गोष्ट घडली. बाईंची एक विद्यार्थिनी जनावरांची डॉक्टर आहे. तिला दवाखाना सोडता येत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा दुपारी बाईच तिकडे जातात. त्या दिवशी धडा सुरू होतोय न होतोय तोच एक कालवड आणली गेली. तारेच्या कुंपणात अडकून तिचा खांदा फाटला होता. मदतनीस रजेवर. डॉक्टरीणबाई म्हणाली, "बाई, जरा मान धरता का? फक्त बोलत राहा तिच्याशी."

बाईंनी गिटार पाठीवर सरकवली आणि कालवडीची मान काखेत धरली. टाके पडत होते. तेवढ्यात एक माशी येऊन कालवडीच्या पाठीवर बसली. शेपूट तिथवर पोचेना. मग तिनं नुसती तेवढ्याच जागेची कातडी थरथरवली. माशी उडाली. पुन्हा बसली. कातडी पुन्हा थरथरली.

"माझा एक हात त्या कातडीवर होता रे," बाईंनी मला नंतर सांगितलं, "आणि खांद्यावर पट्टा होता. दोन्ही एकच. मला कोणी भाषण दिलं नाही, मी काही वाचलं नाही. पण त्यानंतर तो पट्टा अंगावर घेतला की मला वाटायचं, आत्ता थरथरेल."

दुसऱ्या दिवशी बाई वाद्यांच्या दुकानात गेल्या आणि कापडाचा पट्टा घेऊन आल्या. घरी येऊन नीट पाहिलं, तर दोन्ही टोकं चामड्याची. गिटारच्या बुडाशी आणि मानेजवळ एकेक गुंडी असते, पट्ट्याच्या टोकांची भोकं त्या गुंड्यांवर बसतात. सगळं वजन त्या भोकांवर. बाई तशाच परत गेल्या.

दुकानदार म्हणाला, "टोकं चामड्याचीच असतात हो. कापडाचा म्हणजे मधला भाग कापडाचा."

"म्हणजे मध्ये दया आणि टोकांना सोय?"

"बाई, मी फक्त विकतो," तो बिचारा म्हणाला, आणि आतून रेक्झिनचा एक पट्टा काढून दिला. चकचकीत काळा, शून्य चामडं. बाईंनी तो घेतला.

आता प्रश्न आप्पांचा होता. तीस वर्षांचा पट्टा नको म्हणायचं कुठल्या तोंडानं? बाई बोलल्याच नाहीत. घरून निघताना गिटारला जुनाच पट्टा असायचा, हॉलवर पोचल्यावर त्या तो बदलायच्या. आम्हा तिघांना हे ठाऊक होतं. मी एकदा म्हणालो, "बाई, सांगून टाका ना." त्या म्हणाल्या, "तू आग विझवतोस, तुला सगळं सोपं वाटतं."

चार महिने हे लपवणं चाललं. मग एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम आला. संध्याकाळी सहाची वेळ, हॉल भरलेला, आणि आप्पा स्वतःहून म्हणाले, "आज मी येतो." नाही कसं म्हणणार? दुसऱ्या रांगेत बसले. बाईंना वाटलं, मंदावलेल्या डोळ्यांना तिथून काय दिसतंय.

तिसऱ्या गाण्यात रेक्झिन भोकापाशी फाटलं. मागे बसलेल्या मला एक बारीक चर्र आवाज ऐकू आला आणि गिटार खाली घसरली. बाईंनी गुडघा वर केला आणि कशीबशी ती अडवली, पण तिचं डोकं माइकच्या दांड्यावर आपटलं आणि तारा पिळायची एक खुंटी वाकली. मी ताल धरून ठेवला, दुसरं करणार काय? कोणीतरी खुर्ची आणून दिली. बाईंनी उरलेला कार्यक्रम बसून केला, पाच तारांवर. टाळ्या नेहमीपेक्षा जास्तच पडल्या, पण बाईंचं लक्ष दुसऱ्या रांगेकडे होतं.

कार्यक्रम संपल्यावर आप्पा स्टेजवर आले. गिटारकडे पाहिलंही नाही. फाटलेलं टोक उचललं, चिमटीत धरून चोळलं. काळे पोपडे बोटांना लागले.

"हे काय आहे?"

"रेक्झिन."

"आणि माझा?"

"पिशवीत आहे, आप्पा."

आप्पांनी ते टोक तिथंच सोडलं. गाडीत पुढे माझ्या शेजारी बसले, बाई मागे गिटार घेऊन. दोन चौक मागे पडले. मग बाईंनीच सगळं सांगितलं, कालवडीपासून दुकानदारापर्यंत. एकही शब्द न चुकवता. मी गाडी चालवत होतो, त्यामुळे मला पळायलाही जागा नव्हती.

आप्पा समोर बघत म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं हे हात तेच करत होते. तुझी शाळा, तुझी पहिली गिटार, सगळं त्यातूनच आलं. ते आता तुला घाण वाटतं?"

"घाण नाही वाटत."

"मग काय वाटतं?"

"मला तुमचा टाका हवाय, आप्पा. फक्त चामडं नकोय."

"टाका हवेत घालतात का?" आप्पा म्हणाले. घर आलं तेव्हा ते माझा हात न धरता उतरले. एरवी धरतात.

पुढचे दहा-बारा दिवस त्या घरात फार थंड गेले. आप्पा बोलायचे, पण कामापुरतं. "गॅस बंद कर." "पाणी आलंय." शिकवणीला येणारी मंडळीसुद्धा हळू आवाजात सूर लावू लागली. वाकलेली खुंटी बाईंनी बदलून घेतली, पण उभं राहून वाजवायला पट्टा नव्हता. त्यांनी साधं जाड कापड आणून पाहिलं, टोकाचं भोक आठवड्यात सैल झालं. एक दिवस मला म्हणाल्या, "जुना पट्टा लावायचा आणि गप्प बसायचं, असंही मनात येऊन गेलं. पण मग रोज खोटं वाजवल्यासारखं होईल."

त्याच आठवड्यात आमच्या केंद्रात होजची तपासणी होती. होज म्हणजे पाणी मारायचा तो लांब चपटा पाइप. बाहेरून सुताची घट्ट वीण, आतून रबर. दर वर्षी त्यात दाबानं पाणी भरून बघतात, जो गळेल तो बाद. बाद झालेल्याची एक गुंडाळी माझ्या पायाशी पडली होती. मी ती वाकवून पाहिली, नखानं ओरबाडून पाहिली. जाड, लवचीक, आणि फाटायचं नाव नाही. साहेबांना विचारून चांगला सात-आठ हात लांब तुकडा कापून घेतला आणि थेट बाईंकडे गेलो.

बाईंनी तो पाहिला आणि लगेच कामाला लागल्या. शिवणयंत्राची पहिली सुई मोडली. दुसरी मोडली. मग हातानं शिवायला बसल्या. तिसरी सुई मोडली तेव्हा मागच्या खोलीतून चपलांचा आवाज आला. आप्पा दारात उभे राहिले, चष्मा कपाळावर.

"हा टाका कोणी घातला?"

"मी."

"ते दिसतंच आहे."

त्यांनी तो तुकडा हातात घेतला. नाकाशी नेला. कड उलगडून वीण पाहिली. मला विचारलं, "हे कुठलं?" मी सांगितलं. "किती दाब सोसतं?" मी आकडा सांगितला. आप्पांनी भुवया वर केल्या. मग बाईंकडे न बघता म्हणाले, "मशीननं नाही होणार. आधी आरीनं भोकं पाडायची, मग दोन सुयांनी दोन्हीकडून यायचं. आण इकडे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आप्पांनी दोरा काढला आणि सवयीनं त्याला मेण लावायला सुरुवात केली. पिवळं, वासाचं, मधमाशीचं मेण. बाईंनी नुसता घसा खाकरला. आप्पांचा हात थांबला.

"आता मधमाशीलाही विचारायचं का?"

"नाही... म्हणजे मेणबत्ती चालेल का तेवढ्याला?"

आप्पांनी मेणाचा खडा खाली ठेवला. मला वाटलं, झालं, आता सगळं फिसकटणार. पण त्यांच्या मिशीत हसू फुटलं. "जा, मेणबत्ती आण. एवढं केलंय तर मधमाशीनं काय घोडं मारलंय."

पहिला पट्टा अख्खा होजचा केला. तो इतका ताठ झाला की बाईंच्या मानेवर लाल वळ उठला. दुसऱ्यात मध्ये जाड सुती कापड घेतलं, आत मऊ भरण घातलं आणि होज फक्त टोकांना लावला. तो खांद्याला बरा होता, पण आप्पांनी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. दाराच्या चौकटीला खिळा ठोकून त्याला पट्टा अडकवला आणि खालच्या भोकात पाण्यानं भरलेली बादली टांगली. तीन दिवस ती बादली दारात लटकत होती. शिकायला येणारा प्रत्येक जण तिच्यावर आपटला, मी दोनदा. चौथ्या दिवशी भोक केसभर ताणलेलं निघालं. आप्पांनी पट्टा उसवला.

"चालला असता हो एवढा," मी म्हणालो.

"तुमचा पाइप केसभर गळला तर चालतो का?"

तिसऱ्या वेळी त्यांनी टोकाला होजचे दोन तुकडे एकमेकांवर आडवे-उभे ठेवले, भोकाभोवती दुहेरी टाका घातला आणि भोकाला वर एक बारीक चीर दिली, गुंडी जेमतेम आत जाईल एवढी. बादली आठवडाभर टांगली. भोक जसंच्या तसं.

त्या सगळ्या दिवसांत बाप-लेक दोघं मागच्या खोलीत एका कंदिलासारख्या गोल दिव्याखाली बसायचे. एकदा मी गेलो तेव्हा बाई दोऱ्याला मेणबत्ती घासत होत्या आणि आप्पा त्यांना खोगीर कसं शिवतात ते सांगत होते. मध्येच ते म्हणाले, "हे बघ, मी तुझ्या पंथातला नाही. माझ्या पायातल्या चपला चामड्याच्याच राहणार. पण ते कालवडीचं तू मला आधी सांगायला हवं होतंस. चार महिने मी पट्टा पुसून, तेल लावून तुझ्या गिटारला अडकवत होतो."

बाईंचा हात थांबला. "मला भीती वाटत होती, आप्पा."

"कसली? मी रागावेन याची?"

"तुम्ही कष्टी व्हाल याची."

"झालोच की," आप्पा म्हणाले. "पण मेलो का? दोरा दे."

नव्या पट्ट्याचा पहिला कार्यक्रम एका शाळेतल्या निवृत्त होणाऱ्या शिक्षकांसाठी होता. बाई पावणेदोन तास उभ्या राहून वाजवत होत्या. मधल्या एका गाण्यात तर त्या गिटार हलवत चक्क माझ्यापर्यंत चालत आल्या, जे त्यांनी वीस वर्षांत कधी केलं नव्हतं. आप्पा पहिल्या रांगेत होते. कार्यक्रम संपला, लोक टाळ्या वाजवत उभे राहिले, आणि आप्पा त्या गर्दीतून वाट काढत स्टेजवर आले. मला वाटलं, लेकीला शाबासकी देणार. त्यांनी चष्मा खाली ओढला, पट्ट्याचं टोक हातात घेतलं आणि भोक तपासलं. दोन्हीकडचं. मग म्हणाले, "चौथ्या गाण्यात तुझा आवाज फाटला." बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

तिथंच एका बेस गिटारवाल्यानं पट्टा पाहिला आणि आपल्यासाठी मागितला. मग डॉक्टरीणबाईनं. मग तिच्या दवाखान्यातल्या कुणीतरी, ज्याला गिटार वाजवताही येत नाही. आमच्या केंद्रातली बाद झालेली गुंडाळी आता साहेब स्वतः बाजूला काढून ठेवतात, आणि नवीन भरती झालेल्यांना सांगतात की हा पाइप गातो. आप्पांनी आतापर्यंत अकरा पट्टे केले आहेत. बारावा बाईंनी एकटीनं शिवला. आप्पांनी त्यातले चार टाके उसवायला लावले. एरवी निम्मे उसवले असते, असं बाई मला अभिमानानं सांगतात.

मागच्या रविवारी मी तिकडे गेलो तर शिकवणीच्या खोलीत एक उंच, दणकट बाई दोन्ही हात पसरून उभी होती. अकॉर्डियन वाजवणारी. तिला चामड्याशिवाय पट्टे हवे होते, आणि अकॉर्डियनला एक नाही, दोन लागतात. शिवाय ते वाद्य म्हणजे छातीशी धरलेली शिलाई मशीनच, बारा किलोचं. भाता उघडला की ते एका बाजूला ओढतं, मिटला की दुसऱ्या. बाई माप वहीत उतरवत होत्या. आप्पा टेप घेऊन त्या पाहुणीभोवती फिरत होते आणि गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"खोल श्वास घ्या," ते तिला म्हणाले. "आता सोडा. आता पुन्हा घ्या, आणि यावेळी वाजवत असल्यासारखा घ्या."