जानकीताईचं शेवटचं कडवं

मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं आमच्या पालघरजवळच्या माहीमच्या जानकीताईला फसवलं, आणि तेव्हा तिच्या बाजूनं बोलायला मी बसलो होतो. ती जाऊन दीड महिना झाला. निरोप आला तेव्हा मी पालघर स्टेशनवर पानांच्या करंड्या चढवत होतो. गाडी सुटली तरी जागचा हललो नाही... आता थकलोय. राग मात्र गेलेला नाही.

ताई माझ्या मळ्यात विड्याची पानं खुडायची आणि लग्नघरी हळदीची गाणी म्हणायची, स्वतः रचलेली. आमच्याकडे गाणं रचणारी शेवटच्या कडव्यात आपलं नाव-गाव गुंफते. ते आलं की गाणं संपलं. तिचं होतं, ‘पानापानावर दंव साचलं गं, माहीमच्या जानकीनं गानं रचलं गं.’ तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा बोईसरला कामगारांपुढे मीच तिला उभं केलं. भाषा न कळणारेही “अम्मा, एक और” म्हणत राहिले. ती मला हळूच म्हणाली, “भाऊ, यांच्या गावाला लग्नं होत नाय का? गान्याला किती उपाशी हायत.”

मग एडवणपासून वाणगावपर्यंत बोलावणी आली, आणि पाठोपाठ तो रेकॉर्डवाला. सकाळभर मी त्याच्याशी घासाघीस केली. गाडीभाडं, जेवण, साथीला दोघी बायका, सगळं कबूल करून घेतलं. शेवटी तो म्हणाला, गाणं तबकडीत मावत नाही, शेवटचं कडवं गाळा. नाव वर छापूच. ताईनं माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, नाव काढलं तर गानं उघडं पडंल.”

“छापणार आहेत ना, ताई.”

तबकडीवर छापून आलं, ‘पारंपरिक लग्नगीत’.

पुढे वाणगावच्या एका लग्नात सकाळपासून कर्ण्यावर तेच गाणं वाजत होतं. हळदीला ताई गायला बसली, शेवटच्या कडव्याशी आली, तर वरमाय म्हणाली, “आजी, हे त्यात नाय. तुमचं नाव कशाला घुसवता?” बायका हसल्या. “चुकलं गं बाय,” ताई म्हणाली. त्यानंतर ते कडवं तिनं कधीच म्हटलं नाही. एक कडवं आधीच थांबायची, आणि गाणं संपलं की नाही ते न कळून बायका तशाच बसून राहायच्या...

तिच्या खोलीत ती तबकडी पाकिटातच आहे. वाजवायला तिच्याकडे काही नव्हतं. कडवं मी सोडलं, ते माझ्या माथी. पण कंपनीवाल्यांनो, ‘छापूच’ हा शब्द तुमचा होता. माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही, म्हणून इथं वर्तमानपत्रात, चारचौघांत विचारतो. माहीमची जानकी. दोनच शब्द आहेत. कधी छापता, सांगा.