कोवळ्या बांबूची सायकल

एडिसन गावातल्या काकांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण पहिल्यांदा त्यांचंच सांगायला हवं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करायला मी या देशात आलो तेव्हा माझं इथे कुणी नव्हतं. काकांनी आपल्या बेसमेंटमध्ये मला जागा दिली, बँकेचे फॉर्म भरून दिले, दाढ सुजली तेव्हा स्वतः ड्राइव्ह करून डॉक्टरकडे नेलं. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला एवढा मोठा इंजिनिअर जेवताना शेजारी बसवतो, याचीच मला धास्ती वाटायची. आपलं काहीतरी चुकेल आणि हे सगळं जाईल, असं सारखं वाटे.

रिटायर झाल्यावर काकांनी बांबूची सायकल करायचं मनावर घेतलं. कोपऱ्यावरून दूध आणायलाही आपण एवढी मोठी गाडी काढतो, याची त्यांना लाज वाटायची. शेजाऱ्याच्या अंगणात बांबूचं रान माजलं होतं आणि तो त्याला वैतागला होता. तोच बांबू कापायचा ठरला. सायकलचा सांगाडा कॉम्प्युटरवर काढून तयार होता.

काकू म्हणाल्या, "बांबूवर माणसानं एकदाच चढायचं असतं. एवढी काय घाई आहे?"

काका हसता हसता ठसकले.

बांबू गॅरेजमध्ये आले तेव्हा मदतीला मी होतो. साल हिरवीगार, पेरांखाली पांढरी भुकटी. बघताक्षणी कळलं, हा पहिल्या वर्षाचा कोवळा बांबू. टोपलीला चालतो. भार पेलायचा तर जून बांबू लागतो, तोही सावलीत सावकाश वाळवलेला. आमच्या घरी सुपं-टोपल्या विणतात, शिड्या बांधतात. माझी शाळा सुटली ती त्याच कामापायी.

"तुमच्या गावाकडे असतो ना रे बांबू?" काकांनी विचारलं. "बघ जरा, चालेल ना हा?"

"मला काय कळतंय काका त्यातलं," मी म्हणालो.

वडिलांचं दुकान आहे, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. बुरुडाचा मुलगा म्हटल्यावर आपलं ताट वेगळं होईल, ही भीती मी गावाहून बरोबर आणली होती. काकांनी तसं कधी काही बोलून दाखवलं नव्हतं. तरी होती.

त्यांनी बांबू हीटरजवळ ठेवून महिन्याभरात वाळवले. सांध्यांवर तागाचे धागे चिकट रसायनात भिजवून गुंडाळायचे होते, ते काम मी केलं. माझा हात बघून ते म्हणाले, छान जमतंय, कुठे शिकलास? यूट्यूबवर, मी सांगितलं.

सायकल देखणी झाली. पहिल्या फेरीच्या सकाळी सीटखालच्या सांध्याजवळ मला केसाएवढी उभी चीर दिसली. काका हेल्मेट घालून तयार होते. आज राहू द्या, गारठा आहे, एवढंच मी बोललो. एप्रिलात कसला गारठा, म्हणून ते निघालेसुद्धा. वळणावरच्या उतारावर बांबू उभा फाटला आणि काका खांद्यावर पडले. तो आवाज मला ओळखीचा होता.

खांद्याचं ऑपरेशन झालं. भेटायला येईल त्याला काका सांगत, माझं कॅल्क्युलेशन चुकलं, नळी जाड घ्यायला हवी होती. चार दिवस मी ते ऐकलं. पाचव्या दिवशी त्यांना चहा द्यायला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. बांबू, चीर, वडिलांचं काम, सगळं.

काकांनी कप बाजूला ठेवला. म्हणाले, "तुला माझी इतकी भीती वाटत होती?"

रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी जेवताना मला शेजारीच बसवलं त्यांनी. डाव्या हाताने घास घेताना त्यांचं वरण शर्टावर सांडत होतं.

आता काका-काकू डब्लिनला मुलीकडे राहतात. काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सायकलचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही.

पण काका, जून बांबू पारखून, सावलीत पुरता वाळवून, एक सायकल मी तुम्हाला माझ्या हाताने करून देणार आहे. कधी, ते आज सांगता येत नाही. तुमच्या आधी मी स्वतः तिच्यावर बसून बघेन.