काकांच्या सहा ग्लासांची शिडी

माझे काका वाइनच्या दुकानात एकतीस वर्षं उभे राहिले. उभेच राहिले असं म्हणायचं, कारण काउंटरमागे त्यांच्यासाठी एक स्टूल होतं खरं, पण त्यावर कायम त्यांचा स्वेटर बसलेला असे. रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून दुकानात जावं लागे. आत गार असे, आणि बाहेरून येणाऱ्याच्या डोळ्यांना सवय व्हायला जरा वेळ लागे. तेवढ्यात काका गिऱ्हाईक ओळखून घेत.

दुकानात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. मालकांच्या घरचे सोडले तर सगळे त्यांना ‘नाक’ म्हणत. “नाक कुठंय?” “नाक जेवायला गेलंय.” माल आणणारा ड्रायव्हर दारातूनच ओरडायचा, “नाकाला सांगा, पेट्या आल्यात!” काकांना राग येत नसे. उलट काकू एकदा म्हणाली होती, “लग्नानंतर आठ वर्षं मला वाटत होतं, हे तुम्हाला चिडवतात. नंतर कळलं, तुम्हाला मिरवायला आवडतं.”

नव्या मालाचा प्रत्येक नमुना आधी काकांच्या हातात जाई. ते ग्लास फिरवत, नाकाशी नेत, आणि एकच शब्द बोलत, “घ्या” किंवा “नको”. थोरल्या मालकांच्या काळी हे सुरू झालं, आणि त्यांची मुलगी मालकीणबाई म्हणून गल्ल्यावर बसू लागली तेव्हाही तसंच राहिलं.

सगळ्या वाइनमध्ये त्यांचा जीव रीझलिंगवर. ही पांढऱ्या द्राक्षांची वाइन, थंड मुलुखातली. तिच्याबद्दल गिऱ्हाइकांचा एकच प्रश्न असे, “ती गोड असते ना?” काका म्हणत, “माणसं असतात तशी असते. काही गोड असतात, काही नसतात, आणि काही असून दाखवत नाहीत.” गिऱ्हाईक हसलं की ते बाटली उलटी करून मागची चिठ्ठी दाखवत. “इथं अल्कोहोलचा आकडा बघा. बारा-साडेबारा असेल तर द्राक्षातली साखर जवळजवळ सगळी आंबून गेली, म्हणजे वाइन ड्राय. आठ-नऊ असेल तर साखर आतच राहिली, म्हणजे गोड. मधला आकडा असेल तर मला विचारा.” लोक हे घरी जाऊन दुसऱ्यांना सांगत आणि स्वतःच शोधून काढल्यासारखं सांगत.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चारला, काका काउंटरवर सहा ग्लास ओळीनं मांडत. त्याला ते शिडी म्हणत. पहिला ग्लास अगदी ड्राय, लिंबाची साल चावल्यासारखा. दुसराही ड्राय, पण दहा-अकरा वर्षं मुरलेला. तिसऱ्यात साखरेची नुसती चाहूल. चौथा अर्धा गोड. पाचवा उशिरा तोडलेल्या द्राक्षांचा, पिकलेल्या पीचसारखा. सहावा वेलीवरच सुकून सुरकुतलेल्या द्राक्षांचा, मधासारखा दाट. तो ते औषधाच्या मापानं ओतत.

“घाई करू नका,” ते सांगत. “पहिला घोट फसवतो. गिळा, आणि थांबा. जबड्याच्या कडांना पाणी सुटलं की समजा आंबटपणा आहे. आंबटपणा असला की साखर लपते. म्हणून चौथी तुम्हाला वाटते त्याहून गोड आहे, आणि पाचवी आहे त्याहून कमी गोड वाटते.” मग कशाबरोबर काय घ्यायचं ते सांगत. माशाबरोबर पहिली. तिखट किंवा खारट जेवणाबरोबर चौथी, कारण साखर तिखटाची धार बोथट करते. सहावीबरोबर काहीच नको. “तिला एकटीला बसू द्या. ती म्हातारी माणसं असतात ना, त्यांना मध्ये कोणी बोललेलं चालत नाही.”

मग काकांना ताप आला. साधाच, चार दिवसांचा. पाचव्या दिवशी सकाळी काकूनं कॉफी दिली तर ते म्हणाले, “यात कॉफी घालायची राहिली का?” काकूनं कप स्वतःच्या नाकाशी नेला. कॉफीचा वास खोलीभर होता.

डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते सांगता येणार नाही. न आला तरी जगण्याला काही अडत नाही. ते चुकीचं बोलले असं म्हणता येणार नाही. पण काका दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले आणि काकू शेजारी त्यांची टोपी धरून उभी राहिली.

लाल वाइन त्यांच्यासाठी कडवट पाणी झाली. बाकीच्या पांढऱ्या आंबट पाणी झाल्या. उरली फक्त रीझलिंग. जिभेला गोड आणि आंबट अजून कळत होतं, आणि रीझलिंगचा निम्मा जीव तर त्या दोघांच्या ओढाताणीतच असतो. घोट घेऊन ते अजूनही अचूक सांगू शकत, ही तिसरी पायरी, ही साडेचारवी. बुडणाऱ्यानं एकाच फळीला धरावं तसं त्यांनी तिला धरलं. लाल मागायला आलेल्यालाही ते रीझलिंग देऊ लागले. मालकीणबाई एकदा म्हणाल्या, “काका, आपण बाकीची कपाटं विकून टाकू का?” सगळे हसले. काकाही हसले.

वास गेलाय हे कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. नाक म्हणून ज्याला ठेवलंय त्याचं नाक गेलं, तर काउंटरमागे त्याचं काय काम? साठीला चार वर्षं राहिलेल्या माणसाला दुसरं दुकान कोण उघडून देणार? पण बाटली बिघडली आहे का, हे जिभेला कळत नाही. ते नाकालाच कळतं. म्हणून काकू दुकानात येऊ लागली. मालकीणबाईंना सांगितलं, “घरी बसून कंटाळा येतो, ग्लास पुसून देत जाईन.” आतल्या खोलीत सिंकपाशी ती उभी राही. काका बाटली उघडून आत आणत, ती वास घेई आणि हळूच सांगे. तिनं आयुष्यात वाइनचा घोट घेतला नव्हता. तिचे शब्द तिचे होते. “हिरवं सफरचंद.” “दगडावर पाणी टाकल्यासारखं.” “ही… शेजारणीचा साबण.” काका ते ऐकून बाहेर जात आणि गिऱ्हाइकाला स्वतःचे म्हणून सांगत. साबणाचं ते ‘पांढरी फुलं’ करत.

पहिल्याच आठवड्यात एक जुनी बाटली उघडली तेव्हा काकूनं तोंड फिरवलं. “अहो, फेकून द्या ही. यात कोणीतरी रॉकेल सांडलंय.”

काका हसायला लागले. तापानंतर ते पहिल्यांदाच तसे हसले, खांदे हलेपर्यंत. “अगं, तीच तर हिची श्रीमंती! जुन्या रीझलिंगला तसाच वास येतो. लोक त्यासाठी दुप्पट मोजतात.” आणि बाहेर जाऊन त्यांनी ते मालकीणबाईंनाही सांगितलं, “ही म्हणते, रॉकेल!” बाहेर हशा पिकला. सिंकपाशी काकूचे कान गरम झाले. ती मला म्हणाली होती, “मला राग नाही आला गं. ते हसले याचंच बरं वाटलं. पण मनात म्हटलं, आता परत जुन्या बाटलीला नावं ठेवायची नाहीत.”

चार महिने असं चाललं.

मग एक हॉटेलवाले आले. नवं हॉटेल काढत होते आणि वाइनची यादी रीझलिंगनं सुरू करायचं त्यांच्या मनात होतं. मालकीणबाईंनी त्यांना शनिवारीच बोलावलं. म्हणाल्या, “आमचे काका तुम्हाला शिडी चढवतील.” हॉटेलवाले गंभीर माणूस. त्यांनी कोट काढून घडी घालून ठेवला आणि वही उघडली.

काकांनी दुसऱ्या पायरीसाठी अकरा वर्षांची बाटली निवडली होती. बाकी पाचांना फिरकीची झाकणं होती, हिला खरं बूच. ते ती उघडून आत घेऊन गेले. काकूनं वास घेतला. रॉकेल नव्हतं. ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरात भिजत पडलेल्या वर्तमानपत्रांचा वास होता. तिनं पुन्हा घेतला. वास वाईट होता, पण मागच्या वेळचा हशा आठवून ती घाबरली.

“काय?” काका कुजबुजले. बाहेर हॉटेलवाले खाकरत होते.

“आहे तो तुमचा जुन्या बाटलीचा वास.”

“रॉकेल?”

काकूनं बाटली परत त्यांच्या हातात दिली. “हो. तसंच काहीतरी.”

बुचाला बुरशी लागली की वाइनला नेमका तो पुठ्ठ्याचा वास येतो. हे दुकानातल्या नव्या माणसालाही पहिल्या दिवशी शिकवतात. काकांनी काकूला ते शिकवलंच नव्हतं. त्यांच्या हातून अशी बाटली कधी काउंटरपर्यंत गेलीच नव्हती, त्यामुळे सांगायची गोष्ट आहे हेच त्यांना सुचलं नव्हतं.

पहिला ग्लास झाला. हॉटेलवाल्यांनी मान डोलावली. काकांनी दुसरा ओतला. एक घोट घेतला, आंबट, ताठ, साखरेचा लवलेश नाही. “बघा,” ते म्हणाले, “वय झालं की ही अशी होते. वास घ्या. थोडं रॉकेल आहे, खरं ना?”

हॉटेलवाल्यांनी वास घेतला आणि ग्लास खाली ठेवला. त्यांनी मालकीणबाईंकडे बघितलं. मालकीणबाईंनी ग्लास उचलला.

“काका, बूच लागलंय हिला.”

तिथं काकांनी “अरेच्चा!” म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. चुकतं एखाद्या वेळी, कोणाचंही चुकतं. पण काकांना आतून मिळालेला शब्द रॉकेल होता, आणि त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. त्यांनी ग्लास नाकाशी नेला. एकतीस वर्षं फिरवला तसाच फिरवला. “नाही हो. हे वय आहे तिचं.”

मालकीणबाईंनी ग्लास बाजूला सारला. मग हॉटेलवाल्यांना म्हणाल्या, “तुम्ही जरा ती कपाटं बघता का? आम्ही दुसरी बाटली उघडतो.”

आतल्या खोलीत त्यांनी त्याच वाइनची दुसरी बाटली उघडली. काकांकडे पाठ करून दोन ग्लास भरले आणि त्यांच्यासमोर ठेवले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “काका, यातला बिघडलेला कुठला?”

काकांनी डावा हुंगला. उजवा हुंगला. परत डावा. दोन्हींचा घोट घेतला. दोन्ही सारखेच आंबट, सारखेच ताठ. नळ ठिबकत होता. मालकीणबाई थांबल्या होत्या, आणि काकू सिंकपाशी फडकं हातात धरून उभी होती. कोणत्या ग्लासात कोणती बाटली गेली हे तिनं पाहिलं होतं. नवऱ्याचं कपाळ घामानं चमकायला लागलेलं तिला बघवलं नाही.

“डावीकडचा,” ती म्हणाली.

मालकीणबाईंनी वळून तिच्याकडे बघितलं. मग काकांकडे. मग ओळीनं पुसून ठेवलेल्या ग्लासांकडे.

“कधीपासून?”

“तापापासून,” काका म्हणाले.

“मला सांगायचं होतंत.”

“सांगून काय झालं असतं?”

चांगली बाटली उचलून मालकीणबाई दाराकडे वळल्या.

बाहेर हॉटेलवाले वाट बघत होते, म्हणून शिडी पुरी करावी लागली. दुसरा ग्लास नव्या बाटलीतून, मग तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. काका प्रत्येक बाटली उचलत आणि ओतण्याआधी थांबत, कारण मालकीणबाई हात पुढे करून ती आधी स्वतःच्या नाकाशी नेत. त्यांनी मान हलवली की काका ओतत. काकांचं बोलणं तेच होतं. कुठे साखर लपते, कुठे पाणी सुटतं, तिखटाबरोबर कोणती द्यायची. हॉटेलवाल्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. जाताना काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, “आज खूप शिकलो.” काका मान खाली घालून म्हणाले, “आभारी आहे.”

मालकीणबाई वाईट नव्हत्या, आणि काकूच्या मते हीच सगळ्यात मोठी अडचण होती. भांडायला कोणी नव्हतं. त्यांनी काकांना काढलं नाही. पुढच्या महिन्यात काउंटरवर एक तरबेज बाई आल्या, दोन मोठ्या दुकानांत काम केलेल्या. काकांना मागच्या गोदामात रीझलिंगचं कपाट लावायचं काम मिळालं. प्रत्येक बाटलीपुढे एक कार्ड, त्यावर एक ते सहा आकडा. काका घोट घेत आणि आकडा टाकत. नव्या बाई अधूनमधून मागे येत, “काका, ही किती?” “साडेतीन.” “आणि ही?” त्या वेळी त्यांचा आवाज थोडा जुन्यासारखा होई, असं काकू म्हणते. “साडेतीनच लिहा, पण सांगताना चार सांगा. आंबटपणा कमी आहे तिला.”

काकूनं त्यांना पुठ्ठ्याच्या वासाचं सगळं सांगितलं, आणि एकदाच विचारलं. “माझं बोलणं चुकलं का?”

“पुठ्ठ्याच्या वेळी की डावीकडच्या वेळी?”

काकूला कुठली वेळ ते ठरवता आलं नाही. काका म्हणाले, “जाऊ दे.” आणि दिवा मालवला.

यंदाच्या मालातल्या बऱ्याच बाटल्यांच्या मागच्या चिठ्ठीवर एक आडवी रेघ छापून आली आहे. एका टोकाला ड्राय, दुसऱ्या टोकाला गोड, आणि मध्ये जिथं ती वाइन बसते तिथं बाण. गिऱ्हाईक बाटली उलटी करतं, बाण बघतं आणि घेऊन जातं. नव्या बाईंना मागे यायची गरज पडत नाही.

मी मागच्या आठवड्यात गोदामात गेले तेव्हा काका पेटी फोडत होते. एक बाटली उघडून त्यांनी घोट घेतला, डोळे मिटून थांबले, मग चष्मा वर करून मागची रेघ बघितली.

“बरोबर छापलंय,” ते म्हणाले, आणि झाकण परत फिरवून पुढची पेटी ओढायला वाकले.