डाव्या हातानं दिलेला प्रसाद

त्या सकाळी देवानं आम्हाला दारातून हाकललं, असंच मला वाटलं होतं.

आम्ही नवरा-बायको चाळीसगावकडून ढोकीच्या भागात ऊसतोडीला आलेलो. दिवस उगवता फडातच यांच्या हातातला कोयता गळाला. तोंड वाकडं झालं, शब्द जुळेना. मुकादम म्हणाला, अंगावरून वारं गेलं. वारं गेलं की आमच्यात माणसाला मारुतीपुढं पाच शनिवार बसवतात. चौथीत शाळा सुटलेली मी, मला दुसरं काय सुचणार? मीच हट्ट करून दवाखान्याकडं निघालेला टोळीचा ट्रॅक्टर जवळच्या मारुतीच्या देवळाकडं वळवायला लावला.

पुजाऱ्यानं यांना पायरी चढू दिली नाही. मी पाया पडले, रडले, शेवटी शिव्याही दिल्या. म्हातारा आडवाच उभा. मग त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि सोडून दिला. तो लाकडासारखा खाली पडला.

"माय, म्या इथंच बसलो व्हतो पाच शनिवार. देव कुठं जात न्हाय. तुमी आधी लातूर गाठा."

जीपही त्यानंच बोलावली.

लातूरच्या दवाखान्यात लकव्याचा वॉर्डच वेगळा होता. डोक्याचा फोटो काढून लगेच रक्ताची गाठ विरघळवायचं औषध दिलं. मी पदराला बांधलेला अंगारा पाण्यात कालवून पाजायला गेले, तर सिस्टरनं हात धरला. गिळता येतं का ते तपासल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही, पाणी फुप्फुसात जाईल, म्हणाली. अंगारा मग कपाळाला लावला. दुसऱ्या दिवसापासून यांना बसवणं, बोटं उघडणं, शब्द जुळवणं सुरू झालं. शेजारच्या खाटेवरचा माणूस उशिरा आणलेला होता, तो गेला. त्याच्या बायकोची नजर अजून मला सोडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, या वॉर्डाचं फळ आज नाही, वर्षा-दोन वर्षांनी कळेल.

टोळी गावी परतली. तपासण्या चुकू नयेत म्हणून आम्ही इकडंच राहिलो, मी मजुरी करते. कोयता यांना पुन्हा धरता येणार नाही. माझं नाव घेतानाही अडखळतात. दुसरा झटका येईल या धास्तीनं मी रोज सकाळी आधी यांचं तोंड बघते. पण दोन वर्षं झाली, ते आपल्या हातानं जेवतात, आपल्या पायानं चालतात.

परवा चालतच देवळात गेलो. पुजारी म्हणाला, "डाव्यानं देतो, राग मानू नका."

यांनी उजवा हात पुढं केला. बोटं एकेक करून उघडायला लई वेळ लागला. म्हातारा प्रसाद धरून तोवर थांबला. त्या वेळी मी देवाकडं काहीच मागितलं नाही.